दुसऱ्या बोटामागचं हाड

“टाच!” मी ओरडले. “डुबल, उजवी टाच टेकलीय. ऊठ, पाच चकरा!”

जयमाला डुबल पाटीवरून उठली, हाफपँटची धूळ झटकली आणि मैदानाच्या कडेनं पळायला लागली. बाकीच्या सातजणी आपापल्या जागी उकिडव्या बसून सरळ समोर बघत होत्या. हसायची कुणाची छाती नव्हती. ‘इंगवले बाईंच्या मैदानावर कावळासुद्धा परवानगी काढून ओरडतो,’ असं पोरी माझ्या माघारी म्हणायच्या. ते माझ्या कानावर यायचं आणि खरं सांगते, मला बरं वाटायचं.

तासगावच्या कन्याशाळेत मी खेळाची बाई होते. ही गोष्ट घडली तेव्हा अडतीस वर्षांची होते, आज सदुसष्ट आहे. तोंड तेव्हाही फटकळ होतं, आजही आहे. खो-खोचा संघ माझ्या जिवाचा तुकडा होता. अकरा वर्षं झाली, जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात जायचं आणि सांगलीच्या पोरींकडून मार खाऊन परत यायचं, असं चाललेलं. एकदा, फक्त एकदा त्यांना हरवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

खो-खोत पाटीवर बसणारी पोर उकिडवी बसते, पण टाचा वर उचलून, चवड्यावर. पाठीत ‘खो’ बसला की तिनं बाणासारखं सुटायचं असतं. टाच टेकलेली असली की उठायला निमिषभर जास्त लागतं, आणि तेवढ्यात पुढची पोर खांब गाठते. म्हणून मी एक युक्ती काढली होती. मैदानावर रेघा मारायला जी पांढरी फक्की असते, ती प्रत्येकीच्या टाचेखाली पसरायची. पाव तास चवड्यावर बसवायचं, मग शिट्टी मारून टाचा तपासायच्या. टाच पांढरी दिसली की पाच चकरा. ही पद्धत माझी स्वतःची, कुठल्या पुस्तकातली नव्हे. तिचा मला भारी अभिमान होता. आता सांगताना जीभ अडखळते.

जयमाला आठवीत होती. सगळे तिला माला म्हणायचे. काटक, सावळी, लांब पायांची. बाप टेम्पोवर, बेदाण्याची खोकी शेडमधून बाजारात न्यायचा. आई त्याच शेडमध्ये बेदाणा निवडायला. पोरगी अशी पळायची की पाहणाऱ्याला आपलंच वय कमी झाल्यासारखं वाटावं. आणि नेमकी तिचीच टाच पांढरी व्हायला लागली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हापासून. डावी नाही, फक्त उजवी.

“सुट्टीत मामाच्या गावाला आंबे खाऊन सुस्तावलीस होय गं?” मी विचारायचे.

“न्हाई बाई.”

“मग टाच का टेकते?”

“चुकून टेकली बाई.”

चुकून म्हणजे रोजच. आणि रोज पाच चकरा. मी म्हणायचे, हिचा आळस चकरांनीच निघेल. जुलै गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. त्या वर्षी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात आम्ही पुन्हा हरलो. मालाच्या हातून दोन सोप्या पोरी निसटल्या होत्या. मी तिला सगळ्यांदेखत नको नको ते बोलले.

डिसेंबरात एका दुपारी पोरींना चवड्यावर बसवून मी आत गेले होते, पाव तासाच्या आधीच परत आले, तर ही नळापाशी. उजवी टाच घासून घासून धूत होती. फक्की धुऊन टाकायची आणि तपासणीला स्वच्छ टाच दाखवायची, असा बेत. माझं टाळकंच सरकलं. आळस मी एक वेळ खपवून घेतला असता, लबाडी नाही.

“दाखव ती टाच!” म्हणत मी खाली वाकले आणि तिचा पाय खसकन ओढला. माझा अंगठा तिच्या चवड्यावर, दुसऱ्या बोटाच्या मुळाशी दाबला गेला.

माला किंचाळली. आजूबाजूच्या वर्गांतून डोकी बाहेर आली, एवढ्या जोरानं. मी हात सोडला. बोटाच्या मुळाशी सूज होती, जुनी, घट्ट सूज. चार दिवसांत येते तसली नव्हे. पोरगी नळाला धरून उभी होती, डोळे गच्च भरलेले, पण एक थेंब खाली पडू देईना.

“कधीपासून दुखतंय?”

“आजच बाई.”

“माला, कधीपासून?”

मी तिच्या टाचेकडे बघितलं आणि जूनपासूनच्या चकरा मनातल्या मनात मोजायला लागले. शे-दीडशे झाल्यावर पुढं मोजवेना.

दुसऱ्या दिवशी तिच्या बापाच्या टेम्पोतून आम्ही तिघं मिरजेला गेलो. दिनकर डुबल माणूस मोठा, आवाज मात्र बारीक. गाडी चालवताना तो एकदाच बोलला, “बाई, मुरगळलं असंल न्हवं?” मी “बघू” म्हणाले. माला मध्ये बसून समोरच्या रस्त्याकडे बघत होती.

मिरजेला डॉक्टर मगदूम म्हणून हाडांचे डॉक्टर होते. उंच, टक्कल पडलेले, बोलण्यात घाई नाही. त्यांनी पाय बघितला, दुसरं बोट हळूच वर-खाली केलं, फोटो काढून आणायला सांगितलं. फोटो आल्यावर तो काचेच्या दिव्यावर लावून बराच वेळ बघत राहिले. मग आम्हाला जवळ बोलावलं.

“हे बघा. पायाच्या बोटांमागं पाच लांब हाडं असतात. त्यातलं हे दुसरं. याचं टोक गोल पाहिजे, शेजाऱ्यासारखं. हिचं वरून चपटं झालंय.”

डुबल म्हणाले, “मोडलंय?”

“सरळ मोडलेलं नाही. या टोकाला रक्त पुरलं नाही, त्यात रोज त्यावर भार. द्राक्षातला रस गेला की बेदाणा कसा आत बसतो, तसं हे हाड आत बसलंय. फ्रायबर्गचा आजार म्हणतात याला.”

“द्राक्षाचं आम्हाला नका सांगू साहेब, तोच धंदा हाय,” डुबल म्हणाले आणि फोटोकडे टक लावून बघत राहिले. बेदाणा म्हटल्यावर त्यांना जे कळायचं ते लख्ख कळलं होतं.

“असं किती जणांना होतं हो?” मी विचारलं.

“नेमका आकडा कुणाकडेच नसावा. फार दुर्मीळ. होतो तो बहुतेक वाढत्या वयातल्या मुलींना, मुलग्यांना कमी. अठरा वर्षांत माझ्याकडे सहाजण आले. पाच मुली, एक मुलगा. ही सातवी.” मग ते मालाकडे वळले. “बाळ, कधीपासून दुखतंय?”

“पंधरा दिवस,” माला म्हणाली.

डॉक्टरांनी पुन्हा फोटोकडे बघितलं. “पंधरा दिवसांत इतकं बसलं?”

“व्हय. पंधराच.”

“बरं. तसं असेल तर घाई करायची नाही. प्लास्टर घालू, भार बंद, तीन महिने वाट बघू. बऱ्याच जणी तेवढ्यानं निभावतात. मग पुन्हा फोटो.”

डुबलांनी सुटकेचा श्वास सोडला. माला तर हसलीच. तीन महिने म्हणजे मार्च, आणि नवा हंगाम जूनला. तिचा हिशेब मला तोंडावर दिसला. आणि मी? मी गप्प बसले. देवाशपथ सांगते, गप्प बसले. पंधरा दिवस नव्हे, सहा महिने, हे त्या खोलीत दोघींनाच ठाऊक होतं, तिला आणि मला. बोलायचं म्हणजे तिच्या बापासमोर सांगायचं, की तुझी पोरगी दुखऱ्या पायावर टाच टेकून जीव वाचवत होती आणि मी तिला त्याबद्दल पळवत होते.

नर्स प्लास्टरची तयारी करायला गेली. आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. डुबल चहा आणायला गेले. माला पाय लांब करून बसली होती, चांगली खुशीत.

“पंधरा दिवस का म्हणालीस?” मी विचारलं.

“असंच.”

“माझ्यासाठी खोटं बोललीस ना? बाईंना बोल लागू नये म्हणून?” पोरीनं आपल्याला सांभाळून घेतलं, असं वाटून मी अगदी विरघळले होते.

माला माझ्याकडे नवलानं बघत राहिली. “तुमच्यासाठी? न्हाई बाई. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही मला बसवून ठेवलं असतं. मग पाटीवर माझ्या जागी सारिका बसली असती.”

“आणि चकरा?”

“चकरा पळाल्या की खेळायला तर मिळायचं.”

सहा महिने ही पोर माझ्या शिक्षेला घाबरून गप्प नव्हती. शिक्षा तिला स्वस्त वाटत होती. दुखतंय म्हटलं की बाई खेळातून काढतात, हे मीच तिला आणि तिच्याआधीच्या प्रत्येकीला शिकवलं होतं. माझ्या संघात ‘दुखतंय’ हा शब्द अकरा वर्षांत कुणी उच्चारला नव्हता आणि मी त्याला शिस्त म्हणत होते. मला माझीच भयंकर लाज वाटली.

मी उठले.

“बाई, कुठं?” तिच्या लक्षात आलं. “बाई, सांगू नका. बाई, तुमच्या पाया पडते!”

मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा बसले असते. डॉक्टरांच्या खोलीत शिरले आणि उभ्या उभ्या बोलून टाकलं. जून महिना, उजवी टाच, फक्की, चकरा. बोलून वळते तर दारात डुबल, हातात चहाचे तीन ग्लास. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

डॉक्टर मगदूम मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “सहा महिने भार. मग आता वाट बघण्यात अर्थ नाही. नुसतं प्लास्टर घालून सोडलं तर सांधा कायमचा जाईल, पंचविशीत लंगडेल. ऑपरेशन करावं लागेल.”

“ऑपरेशन म्हणजे?” डुबलांचा आवाज आणखी बारीक झाला.

डॉक्टरांनी आपली मूठ पुढं धरली. “हे हाडाचं टोक समजा. वरची बाजू बसलीय, पण खालची अजून गोल आणि गुळगुळीत आहे. वरून एक छोटी पाचर कापून काढायची आणि टोक थोडं वर फिरवायचं.” त्यांनी मूठ मनगटातून वर वळवली. “म्हणजे खालचा चांगला भाग सांध्यासमोर येतो. तारेनं बांधायचं. सहा आठवडे फक्त टाचेवर चालायचं, चवडा टेकवायचा नाही.”

फक्त टाचेवर. मी मान खाली घातली.

“सहाजणांत किती जणांना कापलं?” डुबलांनी विचारलं.

“तिघांना. तिघंही नीट चालतात.”

“पळतात?” हे मालानं विचारलं. ती लंगडत दारापर्यंत आली होती.

“पळायची गरज त्यातल्या कुणाला पडली नाही. म्हणून मी खोटं आश्वासन देणार नाही. पळू शकशील असं मला वाटतं. वर्ष लागेल.”

डुबलांनी चहाचे ग्लास टेबलावर ठेवले. “करा ऑपरेशन. पण साहेब, खेळ बंद. चालता आलं, संसार करता आला, बास झालं.”

“मग मला न्हाई करायचं,” माला म्हणाली.

“काय?”

“खेळायचं न्हाई तर कापून काय करू? ऱ्हाऊ दे तसंच.”

“थोबाड फोडीन!”

“फोडा. ऑपरेशन करायचं न्हाई.”

चौदा वर्षांची पोर, एका पायावर उभी, दाराची चौकट धरून. बापाच्या डोळ्याला डोळा. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी तोंड उघडायला गेले तर डुबलांनी हातानंच मला गप्प केलं. मग ते मला घेऊन बाहेर आले, थेट टेम्पोपर्यंत. आता हा माणूस मला शिव्या देणार, अशी माझी खात्री होती आणि शिव्या खायची माझी तयारी होती.

“बाई, एक विचारू? चकरा पळताना ती कधी रडली का?”

“नाही.”

“घरी बी न्हाई. आईनं एकदा इचारलं, लंगडती का, तर म्हणती चप्पल चावली.” ते टेम्पोच्या फाळक्याला टेकले. “तुम्ही चुकला. मी तोंडावर सांगतो, चुकला तुम्ही. माझ्या पोरीचा पाय तुमच्या हाताखाली गेला.”

“हो,” मी म्हणाले.

“पण सहा म्हैनं असल्या हाडावर जी पळली, ती माझ्या न्हाई म्हणण्यानं थांबणार हाय व्हय? बंद केला खेळ तर चोरून खेळंल. दुसरीकडं जाईल, तिथं कुणाला ठाव असणार न्हाई.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुम्हाला ठाव हाय. म्हणून ती तुमच्यापाशीच खेळंल. पण ती कधी थांबायची न्हाई बाई, तिच्या अंगातच न्हाई ते. थांबवायचं काम तुमचं. हाय कबूल?”

“कबूल.”

“सामना असला तरी?”

“असला तरी.”

“मग चला, सही करतो.”

ऑपरेशन जानेवारीत झालं. ते तासाभरातच उरकलं असेल, पण मी बाहेरच्या बाकावर बसून जेवढे देव आठवतील तेवढे आठवले. टाके निघाले, मग तार निघाली. त्यानंतर माला वही घेऊन बसली, रोज काय काय करायचं ते डॉक्टरांनी सांगितलेलं लिहून घ्यायला. जमिनीवर रुमाल पसरायचा आणि पायाच्या बोटांनी तो गोळा करायचा. दोनशे वेळा. बोट हातानं वर उचलून धरायचं, मनात वीसपर्यंत मोजायचं. मी रोज शाळा सुटल्यावर तिच्या घरी जायचे. तिची आई पहिले आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, नवव्या दिवशी तिनं मला नुसतंच पाणी दिलं. महिन्याभरानं चहा मिळाला.

“बाई, शंभर झाले,” माला म्हणायची.

“शंभर कसले, ब्याऐंशी. मी मोजतेय.”

“तुम्हाला मोजायची लई हौस.”

“बोलू नकोस, रुमाल उचल.”

जूनमध्ये ती मैदानावर नुसती चालली. जुलैत पळाली, सरळ रेषेत, हळूहळू. ऑगस्टात उकिडवी बसली तेव्हा सगळा संघ श्वास रोखून बघत होता. मी फक्कीची पिशवी केव्हाच बंद केली होती. रेघा मारण्यापुरतीच काढायची. पोरींना बोलावून सांगितलं, “दुखलं तर दुखतंय म्हणायचं. म्हणणारीची जागा जाणार नाही, हा माझा शब्द.” सारिका म्हणाली, “बाई, माझा खांदा दुखतोय, दोन महिने झाले.” आणखी दोघींनी हात वर केले. मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. मालानं मात्र हात वर केला नाही. तिला विचारलं की उत्तर ठरलेलं, “मस्त हाय बाई.”

फेरतपासणीत डॉक्टर मगदूमांनी खेळायला परवानगी दिली, पण मला बाजूला घेऊन बजावलं. “हाड छान जुळलंय. तरी खेळताना दुखलं की त्याच क्षणी थांबायचं. तसंच दाबून खेळली आणि पुन्हा बसलं, तर आता फिरवायला खाली चांगला भाग उरलेला नाही.”

नोव्हेंबरात जिल्ह्याचा अंतिम सामना. समोर पुन्हा सांगलीच्या पोरी. आमच्या मैदानाबाहेर निम्मं तासगाव लोटलं होतं, कारण या वर्षी सामने आमच्याच गावी होते. दोरीच्या पलीकडे डुबल उभे होते, टेम्पो सोडून आलेले. मुख्याध्यापिका शहाणे बाई माझ्या शेजारी खुर्चीत. शेवटचा डाव आमच्या आक्रमणाचा होता. अडीच मिनिटं उरली होती. आणखी दोन पोरी बाद केल्या की बरोबरी, तीन केल्या की आम्ही जिंकलो. अकरा पराभवांनंतरचं हे बारावं वर्ष होतं.

माला त्या दिवशी काय खेळली म्हणून सांगू! तिनं एकटीनं पाचजणी टिपल्या होत्या. सूर मारून एकीला खांबाशी गाठलं तेव्हा म्हाताऱ्या बायकासुद्धा टाळ्या पिटत होत्या. मग ती पाटीवर बसली, तिच्या पाठीत खो बसला आणि ती उठली.

डाव्या पायावर उठली.

माला नेहमी उजव्या चवड्यावर सुटायची. तेव्हा डाव्यावर उठली, दोन पावलं टाकली, आणि खालचा ओठ दातात धरला. बाकी कुणाला काही दिसलं नसेल. ती पळाली, तिनं पोरगी बाद केली, लोक उड्या मारायला लागले. मी उभी राहिले. मागच्या वर्षी सहा महिने जे डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं, ते एवढ्याशा दोन पावलांत दिसलं.

“इंगवले बाई, बसा हो, दिसत नाही,” शहाणे बाई म्हणाल्या.

मी पंचांकडे गेले. “आमची खेळाडू जखमी आहे. बदली द्या.”

पंचांनी शिट्टी मारली. घड्याळ थांबलं. माला जिथं होती तिथून ओरडली, “मी जखमी न्हाई! सर, मला काय बी झालं न्हाई!”

“माला, बाहेर ये.”

“मस्त हाय बाई मी! दोन मिनिटं! दोनच!”

शहाणे बाई माझा दंड धरून म्हणाल्या, “अहो, डोकं फिरलंय का तुमचं? ती मस्त आहे म्हणतेय ना!” दोरीबाहेरून कुणीतरी शिवी हासडली. ती दोन मिनिटं मला पण हवी होती हो. बारा वर्षं हवी होती. एवढं एकदा होऊन जाऊ दे, मग हिला महिनाभर झोपवून ठेवू, असं मनात आलंच. आलं नाही असं म्हणणार नाही.

“बाहेर,” मी म्हणाले. “सारिका, तू आत.”

माला माझ्याजवळून गेली ती माझ्याकडे न बघता. सारिकानं जीव तोडून पळून एकीला बाद केलं. दुसरी खांबामागून खांबामागे हुलकावण्या देत राहिली आणि शिट्टी वाजली. बरोबरी. नियमाप्रमाणे जादा डाव झाला आणि त्यात आम्ही एका गुणानं हरलो. सांगलीच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आमच्या पोरी मातीत बसून रडल्या. शहाणे बाई खुर्ची मागं ढकलून निघून गेल्या. डुबल दोरीपाशी तसेच उभे होते, त्यांनी मला लांबूनच हात जोडले. मला ते बघवेना. मी तोंड फिरवलं.

माला पाण्याच्या टाकीमागं एकटी बसली होती, पाठ टेकून, उजवा पाय लांब केलेला. मी तिच्यासमोर जाऊन बसले.

“मी काढली असती दोन मिनिटं,” ती म्हणाली. रागानं आवाज थरथरत होता. “जिंकलो असतो. मी काढली असती बाई!”

“काढली असतीस,” मी म्हणाले. “मला ठाऊक आहे. म्हणूनच तुला बाहेर घेतलं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिची हनुवटी हलायला लागली. नळापाशी जो थेंब पोरीनं खाली पडू दिला नव्हता, मिरजेत नाही, ऑपरेशनला नाही, कधीच नाही, तो गालावरून ओघळला आणि त्याच्यामागं दुसरा.

“बाई,” ती म्हणाली.

“काय गं?”

“दुखतंय.”

“किती?”

“लई दुखतंय बाई.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि उठले. फाटकाबाहेर सरबताची गाडी होती. साडीचा ओचा वर खोचून मी बर्फ आणायला पळत सुटले.